सणासुदीत वजन वाढतं ते मेजवानीच्या दिवशी कमी, मधल्या दिवसांत जास्त

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की आठ महिन्यांत ९ किलो उतरवलंत, आता पुढचे सहा आठवडे सण, सुट्ट्या, कुणाकडे ना कुणाकडे जेवणं, आणि गेल्या वर्षी बरोबर याच दिवसांत ३ किलो परत आलं आणि मग सगळंच सुटलं. म्हणून विचारताय की यावेळी गोड पूर्ण बंद करू का, बाहेर जेवायचं असेल त्या दिवशी सकाळपासून उपाशी राहू का, आणि घरच्यांना न दुखावता नाही कसं म्हणू.

मी १७ वर्षं डाएटिशियन म्हणून काम करतेय आणि दरवर्षी या दिवसांच्या आधी हाच प्रश्न येतो, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवून टाका. या सहा आठवड्यांत वजन कमी करायचं नाही. आहे तिथे धरून ठेवायचं, बास. हे ऐकून माझ्यासमोर बसलेली माणसं नाराज होतात, त्यांना वाटतं मॅडमनी आधीच हार मानली, पण माझा अनुभव उलटा आहे, ज्यांनी या दिवसांतही महिन्याला २ किलोचं टार्गेट चालू ठेवलं तीच माणसं दुसऱ्या आठवड्यात मोडली, आणि ज्यांनी धरून ठेवायचं ठरवलं ती सण संपल्यावर होती तिथूनच पुढे निघाली. आठ महिने तुम्ही रोज नेहमीपेक्षा कमी खाताय, शरीर भूक वाढवून त्याची आठवण करून देतच असतं, सहा आठवडे गरजेइतकं खाल्लंत तर तुमची मेहनत वाया जात नाही.

आता गेल्या वर्षीच्या त्या ३ किलोंबद्दल. मला खात्री आहे की ते सगळं चरबी नव्हतं. माझ्याकडे एक बाई यायच्या, एका मोठ्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्यांचा फोन, आवाज रडवेला, म्हणाल्या काल वजन ७१.२ होतं आज ७३ आहे, सगळं गेलं. मी त्यांना फोनवरच हिशोब करायला लावला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. १.८ किलो चरबी चढायला रोजच्या गरजेच्या वर जवळजवळ १३,९०० कॅलरी खाव्या लागतील, एका दिवसात, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या आठवडाभराच्या खाण्यापेक्षा जरा जास्त. कुणाला शक्य आहे का? मग काटा का वाढला, तर आपण खाल्लेला स्टार्च आणि साखर लिव्हर आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन म्हणून साठते आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी साठतं, डाएटवर असलेल्या माणसाचा हा साठा अर्धवट रिकामा असतो, एका भरपेट जेवणाने तो भरतो. त्यात बाहेरच्या जेवणात मीठ जास्त, मीठ पाणी धरतं. आणि कालचं अन्न अजून पोटात आहेच की. या बाईंनी पुढचे चार दिवस नेहमीसारखं खाल्लं, काही वेगळं केलं नाही, पाचव्या दिवशी काटा ७१.५.

खरी चरबी किती चढते तेही सांगते, कारण खोटा दिलासा मला द्यायचा नाही. अगदी दाबून जेवलात आणि गरजेच्या वर १५०० कॅलरी गेल्या तर ढोबळमानाने २०० ग्रॅम. एवढंच. शरीराचा हिशोब इतका काटेकोर नसतो पण अंदाज यायला पुरे.

मग सणासुदीत वजन वाढतं ते कशाने? इथे मला जरा थांबायचंय कारण हाच सगळा गाभा आहे. सहा आठवड्यांचं कॅलेंडर काढा आणि मोजा की खरोखरची मोठी जेवणं किती आहेत, बहुतेकांची पाच ते सात निघतात. समजा पाच जेवणं आणि प्रत्येकी १००० कॅलरी जास्त, झाल्या ५०००. आता बाकीचे दिवस बघा. स्वयंपाक करताना तोंडात टाकलेलं, ऑफिसमध्ये टेबलावर उघडा पडलेला मिठाईचा बॉक्स, मुलांच्या ताटात उरलेलं, रात्री अकराला फ्रीज उघडून उभ्या उभ्या खाल्लेला एक तुकडा, हे सगळं मिळून दिवसाला ३०० कॅलरी सहज होतात आणि कुणालाच ते जेवण वाटत नाही. ३०० गुणिले ३७ दिवस म्हणजे ११,१००. जवळजवळ दीड किलो. आणि त्यातलं काहीच धड चव घेऊन खाल्लेलं नसतं, मला याचंच जास्त वाईट वाटतं.

एक प्रयोग मी बऱ्याच जणींकडून करून घेतलाय, तुम्हीही एकदा करा. सणाच्या स्वयंपाकाच्या दिवशी ओट्यावर एक रिकामी वाटी ठेवायची, आणि चव बघायला, तुटलं म्हणून, उरलं म्हणून जे काही तोंडात टाकणार असाल ते त्या वाटीत टाकायचं. चव बघायचीच असते, ती चमच्याच्या टोकाने बघा, बाकी सगळं वाटीत. एकीने मला संध्याकाळी फोटो पाठवला होता, वाटी शिगोशिग भरून वर ढीग, तळलेल्याचे तुकडे, चार सुके मेवे, गोडाचे कोपरे, आणि खाली लिहिलं होतं, मॅडम मी तर आज सकाळपासून काही खाल्लंच नाही असं सगळ्यांना सांगत होते. ती खोटं बोलत नव्हती. उभ्याने खाल्लेलं डोक्यात नोंदवलंच जात नाही.

म्हणून माझा पहिला नियम, आणि बाकी सगळं विसरलात तरी चालेल, की मोठं जेवण त्या दिवसापुरतं आणि त्या ताटापुरतं. मधले दिवस एकदम साधे, तुमचं आठ महिन्यांचं रोजचं जेवण, त्याच वेळा, तेच ताट. सण आहे म्हणून सहा आठवडे सण नसतो हो, पाच-सात दिवसच असतो, बाकीचे दिवस आपण उगाच त्यात ओढतो.

उरलेलं अन्न घरी आणायचं की नाही हा प्रश्न इथेच येतो. डबा भरून देतात, नको म्हणता येत नाही, मान्य. मग घरी आल्या आल्या त्याच रात्री ठरवा, कुणाला देणार, किती फ्रीझरमध्ये जाणार, आणि जे ठेवाल ते पारदर्शक डब्यात समोर नको, मागच्या बाजूला झाकून. डोळ्यासमोर असलेलं जास्त खाल्लं जातं, यात इच्छाशक्तीचा काही संबंध नाही, दिवसातून वीस वेळा नाही म्हणायची वेळच स्वतःवर का आणायची.

आता गोड पूर्ण बंद करण्याबद्दल. माझं स्पष्ट मत आहे, करू नका. (डायबिटीस असेल तर वेगळं, त्याबद्दल खाली लिहिलंय.) १९७५ साली हर्मन आणि मॅक या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग आमच्या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे. मुलींना आधी मिल्कशेक दिला, काहींना एक, काहींना दोन, काहींना काहीच नाही, आणि मग चव तपासायची आहे असं सांगून समोर आइस्क्रीम ठेवलं, हवं तेवढं खा. ज्या डाएटचा विचार करत नव्हत्या त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं, साहजिक आहे, पोट भरलेलं होतं. पण ज्या सतत खाण्यावर बंधन घालून राहत होत्या त्यांनी उलट केलं, मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम जास्त खाल्लं. का, तर एकदा नियम मोडला की डोकं म्हणतं आता आजचा दिवस गेलाच आहे, उद्यापासून बघू. तुमच्या गेल्या वर्षीच्या वर्णनात अगदी हेच आहे ताई, ‘एका रात्री खूप खाल्लं आणि मग सगळंच सोडलं.’ तुम्ही त्या रात्रीला दोष देताय, मी त्या रात्रीनंतरच्या वीस दिवसांना देते. आणि तो कमकुवतपणा नव्हता, पूर्ण बंदीचा नियमच असा असतो की एका घासाने तो मोडतो आणि मोडला की हातात काहीच उरत नाही.

त्यापेक्षा निवड करा. कोणते पदार्थ तुम्हाला खरंच प्रिय आहेत, वर्षातून याच दिवसांत मिळतात, ते तीन-चार लिहून काढा. एका मुलीला मी हे करायला सांगितलं, तिने विचार करून एकच लिहिलं, आईच्या हातचं एक गोड, वर्षातून एकदाच होणारं. आणि मग स्वतःच म्हणाली की मग ऑफिसमधला तो बॉक्स मी रोज का खातेय, मला तर तो आवडतही नाही. तिने तो बॉक्स सोडला आणि आईकडचं पोटभर आनंदाने खाल्लं, बसून, ताटात घेऊन. हे असंच खायचं असतं, टेबलाशी बसून, चवीने, फोन बाजूला ठेवून, आणि नंतर स्वतःला न कोसता.

उपाशी राहण्याबद्दल. संध्याकाळी मोठं जेवण आहे म्हणून सकाळपासून काही खायचं नाही, हे फार लोक करतात आणि जवळजवळ नेहमी अंगाशी येतं. संध्याकाळी आठला तुम्ही तिथे पोचता तेव्हा इतकी भूक लागलेली असते की पहिल्या दहा मिनिटांत काय खाल्लं ते कळतच नाही, आणि तेव्हा समोर सहसा तळलेलंच असतं. पोट भरल्याचा निरोप आतड्यांतल्या हार्मोन्सकडून मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, साधारण वीसेक मिनिटं धरा, त्या आधीच सगळं संपलेलं असतं. सकाळी आणि दुपारी हलकं पण प्रोटीन असलेलं खा, अंडी, दही, कडधान्यं, मासे किंवा चिकन जे चालतं ते, बरोबर भरपूर भाजी, स्टार्च आणि तेल त्या दिवशी जरा कमी. निघायच्या तासभर आधी वाटीभर दही किंवा एखादं फळ. तिथे माणूस म्हणून जाल, भुकेलं पोट म्हणून नाही.

तिथे पोचल्यावर लगेच वाढून घेऊ नका. आधी सगळं काय काय आहे ते बघून या. हे साधं वाटतं पण कारण आहे, एकाच पदार्थाचा आपल्याला लवकर कंटाळा येतो, पण वेगळी चव समोर आली की भूक पुन्हा जागी होते, जेवून पोट टम्म झालेलं असतानाही गोडाला जागा होतेच ती याच्यामुळे. बारा पदार्थ म्हणजे बारा वेळा नवी सुरुवात. म्हणून बघून ठरवायचं की आज मी यातले चार-पाच घेणार, जे रोज मिळतात ते सोडणार. अर्धं ताट भाजी-सॅलड, पाव भाग प्रोटीन, उरलेल्या पाव भागात बाकीचं, आणि गोड वेगळ्या छोट्या वाटीत, शेवटी. मग वाढपाच्या टेबलापासून लांब बसा. दुसऱ्यांदा घ्यायचं असेल तर घ्या, पण आधी दहा-पंधरा मिनिटं गप्पा मारा, मग खरंच हवंय का बघा. चारचौघांत आपण बहुतेकदा जास्त खातो कारण जेवण लांबतं, ताट समोर असतं, हात चालू राहतो. ताट उचलून ठेवलंत की हात थांबतो.

पेयांकडे मात्र कडक राहा, इथे मी तडजोड करत नाही. कोल्ड्रिंक, ज्यूस, सरबत यातल्या कॅलरी पोटाला जाणवतच नाहीत, दोन ग्लास प्यायलात म्हणून जेवण कमी होत नाही. दारू घेणारे असतील त्यांच्यासाठी, एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी, फॅटच्या ९ च्या जवळच, साखर आणि प्रोटीनच्या ४ पेक्षा खूप जास्त, आणि दोन पेगनंतर समोरच्या खारट-तळलेल्या प्लेटवर आपला ताबा राहत नाही तो हिशोब वेगळाच. पाणी प्या.

आग्रहाचं काय करायचं. ‘डाएटवर आहे’ हे शब्द तोंडातून काढूच नका, त्या वाक्याने समोरच्याला वादाला जागा मिळते, एका दिवसाने काय होतंय, इतकी बारीक तर झालीयेस, मग अर्धा तास तुमचं वजन हाच विषय. प्रेमाने वाढणाऱ्या माणसाला तुम्ही उपाशी राहायला नको असता आणि त्यांनी केलेलं तुम्हाला आवडलंय हे ऐकायचं असतं. म्हणून पहिल्यांदा थोडंच घ्या, चवीने खा, आणि मनापासून सांगा की हे फार छान झालंय. मग दुसऱ्यांदा नाही म्हणणं सोपं जातं, ‘आत्ता पोट गच्च भरलंय, थोड्या वेळाने नक्की घेते.’ ताटात घास-दोन घास शिल्लक असू द्या, रिकाम्या ताटातच वाढलं जातं. आणि घरात जे सगळ्यात जास्त आग्रह करतात त्यांच्याशी आदल्या दिवशी एकट्यात बोला. माझ्या एका पेशंटने सासूबाईंना नुसतं एवढंच सांगितलं की आई, गुडघे दुखायचे थांबलेत, मला ते तसंच ठेवायचंय, तुम्ही मला मदत कराल का. त्या दिवशी पाहुण्यांना सासूबाईच सांगत होत्या, तिला आग्रह नको.

आता वजन काट्यावर कधी बघायचं. या दिवसांत काटा कपाटात ठेवून देऊ नका. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बर्मिंगहॅमचा एक अभ्यास आला होता, २७२ माणसं, नाताळच्या दिवसांत अर्ध्यांना सांगितलं की आठवड्यातून निदान दोनदा वजन करा आणि लिहून ठेवा, सोबत खाण्याबद्दल काही साध्या सूचना आणि कोणता पदार्थ जिरवायला किती चालावं लागेल याची यादी दिली, बाकीच्यांना फक्त एक माहितीपत्रक. माहितीपत्रकवाल्यांचं वजन सरासरी ०.३७ किलो वाढलं, काट्यावर उभं राहणाऱ्यांचं ०.१३ किलोने उतरलं. फरक अर्ध्या किलोचा, छोटा वाटेल, पण २००० साली अमेरिकेत १९५ माणसांवर झालेल्या अभ्यासातही सुट्ट्यांच्या काळातली सरासरी वाढ ०.३७ किलोच होती, आणि त्यांचं म्हणणं होतं की ही वाढ पुढच्या काही महिन्यांत आपोआप उतरली नाही. म्हणजे वर्षाला तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त किलो, दहा वर्षांत साडेतीन-चार, असं हळूच चढत जातं. त्याच अभ्यासात लोकांना स्वतःचं वजन वाढलंय असं वाटत होतं त्यापेक्षा प्रत्यक्षातली वाढ बरीच कमी होती, हेही लक्षात ठेवा. तुम्ही बुधवार आणि शनिवार ठरवा, सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी. मोठ्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी नाही. आणि एका आकड्याकडे बघू नका, लागोपाठ दोन आठवडे काटा एक किलोपेक्षा जास्त वर राहिला तरच मधल्या दिवसांत काय चाललंय ते तपासा.

चालण्याबद्दल एकच सांगते, जेवण जिरवायला म्हणून चालू नका. तासभर बऱ्यापैकी चाललात तर ७० किलोच्या माणसाचे अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात, गोडाच्या दोन तुकड्यांत त्या परत येतात, तो सौदा कधीच जमत नाही. पण मोठ्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाला, रक्तातली साखर कमी चढते आणि पुन्हा ताटाकडे वळायची वेळही टळते. आणि झोप सांभाळा, जागरणाच्या दुसऱ्या दिवशी भूक खरोखर वाढते आणि ती गोडाचीच लागते.

जास्त खाल्लं गेलंच, आणि एखाद्या दिवशी जाईलच, तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहून किंवा दोन तास जिम करून शिक्षा करायची नाही. नेहमीचा नाश्ता, नेहमीच्या वेळी. भूक नसेल तर थोडा कमी, पण नाश्ता करायचा. त्या एका नाश्त्यावर पुढचे वीस दिवस अवलंबून असतात असं मी १७ वर्षांत बघितलंय.

डायबिटीसच्या लोकांसाठी, तुम्ही इन्सुलिनवर असाल किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या, जसं ग्लिमेपिराइड, चालू असतील तर जेवण चुकवणं धोक्याचं आहे, साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि उपाशीपोटी दारू घेतली तर आणखीच. डोस स्वतःच्या मनाने वाढवायचा नाही, सणाच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. वजनासाठी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं घेणाऱ्यांनी तेलकट आणि भरपेट जेवण टाळा, मळमळ आणि उलट्यांनी हैराण व्हाल. गरोदर असाल किंवा पूर्वी खाऊन मुद्दाम उलटी काढण्यासारखा त्रास झाला असेल तर वरचं वजन करायचं वगैरे काही करू नका, आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

आज रात्री एवढंच करा ताई, कॅलेंडर घ्या आणि खरोखरच्या मोठ्या जेवणांवर पेनाने गोल करा, शेजारी तुमचे ते तीन-चार आवडते पदार्थ लिहा. गोल दहाच्या वर गेले तर मला कळवा, मग कोणती जेवणं चहापाण्यावर भागवता येतील ते आपण बसून बघू. आणि शुगरची किंवा बीपीची कुठली गोळी चालू आहे का तेही लिहा, प्रश्नात तुम्ही ते सांगितलेलं नाही आणि गोळी असेल तर जेवणाच्या वेळा मला वेगळ्या सांगाव्या लागतील.